बासष्टावी शिफारस

१

“बाबा, अहवाल गेला!”

एवढे बोलून सूनबाई वाचनकक्षाच्या दारातल्या स्टुलावर मटकन बसली. सकाळचे सव्वानऊ झाले होते. ग्रंथपालांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले आणि चष्मा पुसला. घाबरले की ते चष्मा पुसत. संसदेच्या ग्रंथालयात चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती, पण वाचनकक्षाची किल्ली त्यांच्याकडून परत मागायची कुणाला आठवण राहिली नव्हती, आणि ती आपण होऊन परत करायचा धीर त्यांना झाला नव्हता. म्हणून रोज साडेसातला ते येत आणि कुलूप काढत.

आजही तसेच झाले होते. खिडक्या उघडल्या. आदल्या दिवशी लोक टेबलांवर टाकून गेलेली पुस्तके जागच्या जागी लावली. डोक्यात कालच्या शब्दकोड्यातले उभे अकरा घोळत होते. ‘पुठ्ठ्यावर चिठ्ठीसुद्धा न लावता पाठवतात ही बाइंडर मंडळी,’ असे एका पुस्तकाच्या नावाने पुटपुटून झाले. मग ते आपल्या खुर्चीत बसले ते बसलेच. सूनबाई येईपर्यंत कोड्यातले उभे अकरा सुटले नव्हते.

“कुठला अहवाल?” त्यांनी विचारले. प्रश्न किती बावळट आहे ते विचारताक्षणीच त्यांना कळले.

“आपला! कार्यपद्धती सुधार समितीचा. दोन वर्षं मी घरी दुसरं काय बोलतेय?”

सूनबाई त्या समितीची कारकून होती. संसदेचे कामकाज कसे चालावे, हे नव्याने ठरवायला नेमलेली ती अकरा सदस्यांची समिती. विधेयके समित्यांकडे जात आणि तिथे झोपत. कुठली समिती कधी बसणार हे एकटे सचिव ठरवत, आणि बैठकीचे कागद सदस्यांच्या हाती पडत ते मतदानाच्या सकाळी. जुन्या पुलांच्या तपासणीचे एक विधेयक सहा वर्षे असेच पडून होते. दरम्यान त्यातला एक पूल पडलासुद्धा. हे सगळे बदलायच्या शिफारशी त्या अहवालात होत्या. काल संध्याकाळी पाच वाजता अकराही सदस्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

“आज बारा वाजता तो पटलावर ठेवायचाय,” सूनबाई म्हणाली. “आज ह्या संसदेचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सभागृह विसर्जित, आणि त्याबरोबर समितीही. बाराला अहवाल आला नाही, तर दोन वर्षांचं सगळं मुसळ केरात.”

“छापील प्रती असतील ना?”

“असतील शंभर. पटलावर सह्यांचीच प्रत लागते. आणि ती माझ्या ताब्यात होती, बाबा.” तिचा आवाज चिरकला. “सचिवांनी बोलावलंय. तुम्ही चला माझ्याबरोबर.”

“मी? मी येऊन काय करणार गं?”

“निदान उभे तरी राहा.”

तेवढे जमेल असे ग्रंथपालांना वाटले.

२

सचिवांच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. अक्षरे उलटी वाचायची ग्रंथपालांना जुनी सवय. पहिल्याच ओळीत सूनबाईचा हुद्दा होता आणि दुसऱ्या ओळीत ‘तत्काळ निलंबित’ असे शब्द. सही तेवढी व्हायची होती.

“कपाटाला दोन किल्ल्या,” सचिव म्हणाले. “कुलूप फोडलेलं नाही. एक किल्ली ह्यांच्याकडे, दुसरी दारमामाकडे. तो आजपासून रजेवर. फोन बंद.”

दारमामा म्हणजे समितीच्या दाराशी बसणारा शिपाई. त्याचे खरे नाव पगारपत्रकातच असेल तेवढे.

“त्याच्या मुलीचं बाळंतपण आहे, साहेब,” सूनबाई म्हणाली. “रजा महिन्यापूर्वीच मंजूर आहे.”

“असेल. पण सह्या झालेला अहवाल गायब होतो, आणि किल्लीवाला गायब होतो. मला दोघांपैकी एकाचं नाव हवं. तो समोर नाही. तुम्ही आहात.”

ग्रंथपालांनी घसा खाकरला. “आपण... म्हणजे आपण अहवाल वाचला असेलच.”

“एकसष्टच्या एकसष्ट शिफारशी तोंडपाठ आहेत मला! चौथीत माझे बैठका बोलावण्याचे अधिकार काढलेत, हेच सुचवायचंय ना तुम्हाला? स्पष्ट बोला की.”

“नाही, नाही, मी आपलं सहज...” ग्रंथपालांचे कान लाल झाले. त्यांना खरोखरच तेच सुचवायचे होते.

“बाराला मला सभागृहात उत्तर द्यायचंय. पावणेबारापर्यंत थांबतो. मग सही.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये येताच सूनबाईने त्यांची बाही ओढली.

“बाबा, एकसष्ट नाहीत.”

“अगं, मीच मुद्रितं तपासली ना घरी? एकसष्टच होत्या.”

“ते महिन्यापूर्वी. शेवटच्या बैठकीत एक वाढली. बासष्ट आहेत. अंतिम अहवालात पहिल्याच पानावर आकडा छापलाय.”

ग्रंथपाल थबकले. म्हणजे अंतिम अहवाल सचिवांनी उघडलासुद्धा नव्हता. जो माणूस अहवालाचा गळा घोटायला निघेल, तो निदान त्याचे पहिले पान तरी बघेल. आपला हा विचार बरोबर आहे की आपण उगाच शहाणपणा करतोय, ते त्यांना ठरवता येईना.

“काल तुझ्यानंतर समितीच्या खोलीकडे कुणी गेलं होतं?”

सूनबाईने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. “साडेसहाला मी घरी निघाले, तेव्हा भिन्नमतबाई खोलीकडे जात होत्या. एकट्याच.”

३

भिन्नमतबाई चौथ्यांदा निवडून आलेल्या सदस्य. आजवर जितक्या समित्यांवर बसल्या, तितक्या समित्यांच्या अहवालांना त्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली, म्हणून हे नाव पडले. त्यांनाही ते माहीत होते आणि मनातून आवडतही होते. ह्या वेळी समितीच्या बैठका लोकांसाठी खुल्या करायला त्यांचा विरोध होता. “सदस्य काम सोडून गॅलरीकडे बघून भाषणं ठोकतील,” असे त्यांचे म्हणणे.

“काल संध्याकाळी? मी कशाला जाऊ तिकडे?” त्या म्हणाल्या.

ग्रंथपाल ओशाळले. एका बाईला, त्यातून सदस्याला, तुम्ही खोटे बोलता असे म्हणायचे कसे? त्यांनी नुसतेच सूनबाईकडे पाहिले. सूनबाईने पर्समधून सोनेरी काड्यांचा चष्मा काढून पुढे केला.

“समितीच्या खोलीतल्या खिडकीत सकाळी सापडला, बाई.”

भिन्नमतबाई हसल्या. “आणा इकडे. सकाळपासून आंधळी कोशिंबीर खेळतेय मी.” चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी दोघांना निरखले. “तुम्हाला वाटलं, मीच पळवला.”

“छे, छे,” ग्रंथपाल म्हणाले.

“वाटलं असेल, तर रागावणार नाही, काका. मागे दोनदा माझी भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडायची ‘राहून गेली’. तिसऱ्यांदा राहू नये म्हणून बघायला गेले. तशी आले म्हणून सांगायला लाज वाटली, एवढंच. दारमामाने कपाट उघडून दाखवलं. अहवाल करड्या पुठ्ठ्यात, काळ्या दोऱ्याने शिवलेला, आणि माझी पानं शेवटी निळ्या दोऱ्याने. माझे डोळे भरून आले अगदी.”

“मग कपाट परत लावलं त्याने?”

“माझ्यासमोर. मी म्हटलं, मामा, अकराच्या अकरा सह्या झाल्या, आता ब्रह्मदेव आला तरी ह्यातलं अक्षर बदलत नाही. तर तो विचारतो, बाई, शेवटची तुमची शिफारस पण आली का ह्यात? म्हटलं, आली की! सगळ्यात शेवटी, पण आली.”

“तुमची शिफारस?” ग्रंथपालांनी विचारले.

“बासष्टावी. मी विरोध तेवढाच करते असं वाटतं लोकांना.” त्या खुर्चीत सरळ बसल्या. “कुठलाही अहवाल पटलावर ठेवायच्या आदल्या संध्याकाळी वाचनकक्षात ठेवावा, म्हणजे ज्याला वाचायचाय त्याला तो आधी वाचता येईल. बैठका बंद ठेवा, पण कागद उघडा ठेवा. काय चुकलं?”

“काही नाही,” ग्रंथपाल मनापासून म्हणाले. आणि त्यांच्या मनात काहीतरी टोचले. काय ते मात्र सापडेना. घड्याळात अकरा वाजून गेले होते, आणि सभागृहाची घंटा वाजून कामकाज सुरू झाले होते.

४

“कपाट बघू दे मला,” त्यांनी सूनबाईला म्हटले. इतका वेळ ते बघायचे आपल्याला सुचू नये, ह्याची त्यांना शरम वाटली.

कपाटात वरच्या खणात हजेरीपुस्तक होते. खालच्या खणात जाड तांबडे कापड होते, व्यवस्थित घडी केलेले.

“हे काय?”

“अहवालाचं बासन. मीच काल गुंडाळून ठेवला होता त्यात.”

“घडी तू घातलीस?”

“मी कशी घालीन? मला तर अहवालच दिसला नाही. बासन तसंच पडलेलं होतं.”

ग्रंथपालांनी घडी उचलली. चारी टोके आत दुमडलेली, वर एक पट्टी. बैठक संपली की समितीच्या मोठ्या टेबलावरचे कापड दारमामा नेमके असेच घडी करून ठेवत असे. ते त्यांनी कितीदा पाहिले होते. पण त्यांचे लक्ष घडीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर खिळले होते.

“सूनबाई, मी चुकत असेन. पण वस्तू लपवून न्यायची असली, तर माणूस ती गुंडाळून नेतो. गुंडाळलेली सोडून नाही नेत.”

“म्हणजे?”

“चाळीस वर्षं मी हेच बघितलं. पुस्तकावरचं कापड काढून जो पुस्तक नेतो, तो ते वाचायला नेतो. किंवा कुणीतरी वाचावं म्हणून.”

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

“दारमामा दोन वर्षं त्या दाराशी बसला,” ग्रंथपाल आता भराभर बोलू लागले. “सगळं त्याच्या कानावर पडलं. काल बाईंनी त्याला सांगितलं, सह्या झाल्या, आता बदलत नाही. आणि त्यात बासष्टावी आहे. अहवाल आदल्या संध्याकाळी वाचनकक्षात ठेवावा. कालची संध्याकाळ म्हणजे आदलीच की.”

“पण बाबा, ती शिफारस आहे! सभागृहाने मान्य केली तर तिचा नियम होणार. तोवर नुसतं म्हणणं आहे.”

“हे तुला माहीत. मला माहीत. त्याने आयुष्यभर सह्या झालेले कागदच हातात घेतले. आणि त्यात लिहिलं असेल तसं केलं. सही झाली म्हणजे हुकूम झाला. त्याच्या जागी मी असतो तर...”

पुढचे ऐकायला सूनबाई थांबली नाही. ती कॉरिडॉरमधून धावत सुटली. ग्रंथपाल गुडघा धरून मागे निघाले. वळणावर सचिव भेटले, हातात तो टाइप केलेला कागद. “कुठे चाललात सगळे?” म्हणत तेही मागे आले.

वाचनकक्षात ऊन टेबलांवर पसरले होते. सहा टेबले होती. ग्रंथपालांच्या टेबलावर वर्तमानपत्र होते, चष्म्याचे घर होते, अर्धवट शब्दकोडे होते.

अहवाल कुठेच नव्हता.

५

“झालं समाधान?” सचिव म्हणाले. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. “साडेअकरा वाजून गेलेत.”

सूनबाईने टेबलाखाली पाहिले, खिडक्यांत पाहिले, खुर्च्यांवर पाहिले. मग ती ग्रंथपालांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षांत ग्रंथपालांनी तिला रडताना पाहिले नव्हते.

ते खुर्चीत बसले. आपला तर्क चुकला. चुकणारच. शब्दकोड्यातले उभे अकरा ज्याला येत नाही त्याने... पण तर्कात चूक कुठे होती, ते काही केल्या दिसेना. दारमामाने कपाट पुन्हा उघडले. अहवाल काढला, बासन घडी करून ठेवले, इथवर सरळ होते. इमारतीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे असत. त्याने वाचनकक्ष उघडला, अहवाल टेबलावर ठेवला, कुलूप लावले, आणि तो लेकीकडे गेला.

म्हणजे रात्रभर अहवाल ह्या खोलीत होता. कुलपात.

“साहेब,” ग्रंथपाल हळूच म्हणाले, “आज सकाळी ही खोली कुणी उघडली, ते विचारायला हवं.”

“मग विचारा! कुणी उघडली?”

ग्रंथपालांनी चष्मा काढला. तो पुसला. परत घातला.

“मी.”

सचिवांनी हातातला कागद खाली केला.

“साडेसातला मी कुलूप काढलं. तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. टेबलांवर पुस्तकं होती. रोज असतात. मी ती रोज लावतो. मला कुणी सांगितलेलं नाही, पण मी लावतो, हात आपोआप चालतात. त्यातल्या एकावर चिठ्ठी नव्हती.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. “सूनबाई, अहवालाच्या पुठ्ठ्यावर नावाची चिठ्ठी कधी लावतात?”

“पटलावर ठेवल्यावर,” सूनबाई म्हणाली. “पहिल्यापासूनची पद्धत आहे. तोवर पुठ्ठा कोराच...” आणि तिने तोंडावर हात ठेवला.

“कोरा करडा पुठ्ठा. बिनचिठ्ठीची पुस्तकं चिठ्ठी लागेपर्यंत खिडकीजवळच्या खालच्या फळीवर जातात. ही पद्धत मीच पाडली होती, साहेब. अहवाल मीच लपवला. म्हणजे, लावला.”

ते उठेपर्यंत सूनबाई त्या फळीशी पोहोचली होती. फळीवर एकासारखी एक चौदा करडी बाडे उभी होती. एकावरही अक्षर नव्हते.

“ह्यातलं कुठलं?” सचिव ओरडले, आणि कडक इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता जमिनीवर बसले.

“उघडू नका!” ग्रंथपाल म्हणाले. त्यांची कुणावर ओरडण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. “वेळ जाईल. पाठीकडची शिवण बघा. बहुतेकांना काळा दोरा आहे. निळा कुठे दिसतो ते बघा.”

एक, दोन, तीन. सूनबाई एकीकडून पाठी चाचपू लागली, सचिव दुसरीकडून. चौथे, पाचवे, सहावे. अकरा पंचेचाळीस. अकरा सत्तेचाळीस.

“निळा!” सचिव किंचाळले.

पहिल्या पानावर आकडा होता, बासष्ट. शेवटच्या पानावर अकरा सह्या होत्या, आणि त्यामागे निळ्या दोऱ्याने शिवलेली भिन्नमतबाईंची पाने.

सूनबाईने हात पुढे केला, पण सचिवांनी अहवाल छातीशी धरला होता. ते उठले आणि पळत सुटले. बावीस वर्षांत जे जिन्याच्या दोन पायऱ्या कधी एकदम चढले नव्हते, ते सचिव कॉरिडॉरमधून पळताना पाहून दोन सदस्य भिंतीला चिकटले.

६

सूनबाई आणि ग्रंथपाल गॅलरीत पोहोचले तेव्हा अध्यक्षांनी कार्यसूचीचा पुढचा क्रमांक पुकारला होता. समितीचे म्हातारे सभापती पहिल्या बाकावर रिकाम्या हातांनी बसले होते. ते कसेबसे उठून उभे राहिले. तेवढ्यात बाजूच्या दारातून सचिव आले, धापा टाकत, केस विस्कटलेले, आणि त्यांनी अहवाल सभापतींच्या हातात दिला.

“कार्यपद्धती सुधार समितीचा अहवाल मी सभागृहाच्या पटलावर ठेवतो,” सभापती म्हणाले, आणि तो ठेवताना त्यांनी दोन्ही हातांनी एकदा वर थोपटला.

संपले. एवढेच असते ते. पण आता तो अहवाल सभागृहाचा झाला होता. उद्या नवे लोक निवडून आले, तरी त्यांना तो समोर घ्यावाच लागणार होता. सूनबाईने इतका मोठा सुस्कारा सोडला, की पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिले.

बाहेर सचिव भेटले. खिशातून त्यांनी तो टाइप केलेला कागद काढला, चार तुकडे केले, आणि तुकडे कुठे टाकावेत ते न समजून परत खिशात ठेवले.

“माझं चुकलं,” ते सूनबाईला म्हणाले. मग ग्रंथपालांकडे वळले. “आणि तुम्ही...”

“किल्ली परत देतो, साहेब,” ग्रंथपाल घाईने म्हणाले. “आठ वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती.”

“राहू द्या. पण ती बासष्टावी काय आहे, ते मला सांगा. पहिल्या पानावर आकडा बघितला मघाशी. मी एकसष्टच वाचल्यात.”

दुपारी दारमामाचा फोन आला. ग्रंथपालांनीच घेतला.

“नात झाली, साहेब! दोघी छान आहेत. सकाळपासून हॉस्पिटलात फोन बंद ठेवायला लावला.” त्याचा आवाज आनंदाने फुटत होता. “आणि साहेब, काल अहवाल तुमच्याच टेबलावर ठेवला होता. म्हटलं, दुसरं कुणी नाही, तरी तुम्ही नक्की वाचाल. वाचलात ना?”

ग्रंथपालांनी चष्मा पुसला.

“वाचतोय,” ते म्हणाले. “पेढे घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी साडेसातला ते आले, तर वाचनकक्ष आधीच उघडा होता. त्यांच्या टेबलावर अहवालाची छापील प्रत होती. पुठ्ठ्यावर नावाची चिठ्ठी होती, आणि तिच्याखाली सूनबाईच्या अक्षरातली दुसरी एक चिठ्ठी: ‘बाबा, हे उचलायचं नाही.’

उचलायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या खुर्चीत भिन्नमतबाई बसल्या होत्या, शेजारी दोन अनोळखी माणसे वाकून वाचत होती, आणि तिघांचा चौथ्या शिफारशीवरून हळू आवाजात वाद चालला होता. ग्रंथपालांनी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या टेबलांवरच्या पुस्तकांना हात लावण्याआधी प्रत्येकाचे पहिले पान उघडून बघितले. मग आपले शब्दकोडे घेऊन ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आणि त्यांना तिथे फार बरे वाटले.